उजेडाआधीचा उजेड

पिंपरीच्या बाजारात मोबाइलची कव्हरं आणि चार्जर टांगलेलं एक दुकान आहे. पुढून बघणाऱ्याला ते तेवढंच दिसतं. मागच्या अंगाला प्लायवुडचं पार्टिशन आहे आणि त्याच्या पलीकडे एक स्टूल, एक पांढरा पडदा आणि छत्र्या लावलेले दोन दिवे. एकेकाळी हे सगळं दुकान म्हणजे बरकत फोटो स्टुडिओ होता. आता तो एवढ्यातच मावतो. पुढचं दुकान शोएबचं, मागचं त्याच्या थोरल्या बहिणीचं, अलमासचं.

अलमास पन्नाशी ओलांडलेली. तिच्या वयाच्या मुली मेंदीचा कोन धरायला शिकत होत्या तेव्हा ती वडिलांच्या, बरकतभाईंच्या हाताखाली डार्करूममध्ये शिकत होती. त्यामागे बरकतभाईंचा काही मोठा विचार नव्हता. लग्नांत बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नसे आणि ती सगळी कामं हातची जात. पोरीच्या गळ्यात कॅमेरा अडकवला की प्रश्न मिटत होता. तो असा मिटला, की पुढे कित्येक वर्षं दापोडीपासून चिंचवडपर्यंत जिथे म्हणून बायकांचा वेगळा गोतावळा जमे, तिथे अलमासला बोलावणं असे. मग हिंदू घरांतूनही निरोप येऊ लागले, हळदीला, डोहाळजेवणाला. बायका तिच्यासमोर खळखळून हसत, पदर सावरायचं विसरत. अर्ध्या पिंपरीच्या लेकीसुना तिच्या हाताखालून गेल्या होत्या असं म्हटलं तरी चालेल.

तिचं स्वतःचं लग्न झालं नाही. एक स्थळ आलं होतं. माणसं चांगली होती, फक्त दुकान सोडावं लागेल असं त्यांचं म्हणणं पडलं. बरकतभाई म्हणाले, तू सांगशील तसं. तिने नाही म्हणून सांगितलं. त्यावरून घरात रडारड झाली नाही, कुणी कुणावर रुसलं नाही. पुढे स्थळं आली नाहीत, इतकंच.

आधी अब्बा गेले, मग बऱ्याच वर्षांनी अम्मी, ताजुन्निसा. शोएब बायकोमुलांना घेऊन पिंपळे सौदागरला एका सोसायटीत राहायला गेला. आपा, तूपण चल, असं त्याने मनापासून म्हटलं, तिच्यासाठी खोलीही दाखवली. खोली हवेशीर होती. पण भिंतीवर पाढ्यांचे तक्ते आणि कोपऱ्यात मुलांची दप्तरं बघून ती कोणाची खोली आहे हे अलमासला कळलं, आणि ती कासारवाडीच्या जुन्या घरातच राहिली. सकाळी एकीपुरता चहा, डब्यात एकीपुरत्या चपात्या. अम्मी होती तोवर आज उशीर का झाला म्हणून दारातच विचारणा होई आणि अलमासला त्याचा वैताग येई. आता ती कधीही घरी गेली तरी चालत होतं.

कामही आटलं होतं. लग्नात आता मुलीच मुलींचे फोटो मोबाइलवर काढतात, आणि ज्यांना थाट हवा ते ड्रोनवाली मंडळी आणतात. अलमासकडे येत ते पासपोर्ट साइजवाले, नाहीतर जुन्या ग्रुप फोटोतला एखादा चेहरा कापून मोठा करून हवा असलेले. तो कशाला हवा, हे तिला विचारावं लागत नसे.

अशात एक दिवस रंगराव आले. दिवाळी नुकतीच उलटली होती. रंगराव साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. तरुणपणी पिंपरीत येऊन एका कंपनीच्या टूलरूममध्ये चिकटले आणि तिथूनच रिटायर झाले. गेटपासवरचा त्यांचा पहिला फोटो बरकतभाईंनी काढला होता. अलमास तेव्हा काउंटरखाली रांगत होती, असं त्यांनी आल्याआल्या सांगितलं. आता ते रावेतला एका उंच बिल्डिंगमध्ये राहत होते. पिशवीतून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि काउंटरवर हळूच ठेवलं.

आत डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा होता, आणि त्याच्यासोबत एक फ्लॅश. अलमासने असला कॅमेरा मासिकांतच पाहिलेला. त्यात लेन्समधून बघायचं नसतं. वरच्या कोपऱ्यात एक बारकी खिडकी असते, तिला डोळा लावायचा. खिडकीच्या मधोमध एक फिकट चौकोन असतो आणि त्यात समोरच्या माणसाची दुसरी, जराशी सरकलेली प्रतिमा दिसते. लेन्सची कडी फिरवत दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसवल्या, की माणूस फोकसमध्ये आला.

रंगराव सांगू लागले. टूलरूममध्ये मशिनी बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला होता, त्याच्याकडे असाच कॅमेरा होता, रिळाचा. जेवणाच्या सुट्टीत त्याने रंगरावांना एकदा खिडकीला डोळा लावू दिला होता. ज्यांचा जन्म एक भाग दुसऱ्या भागात केसाचाही फरक न ठेवता बसवण्यात गेला, त्यांना त्या दोन प्रतिमा एक होताना जे वाटलं, ते पुढे कधी पुसलं गेलं नाही. रिटायर होऊनही बराच काळ लोटल्यावर पुतण्याने मुंबईच्या एका दुकानातून हा जुना कॅमेरा मिळवून दिला.

मग त्यांनी कॅमेऱ्याच्या मागच्या बारक्या पडद्यावर एकेक फोटो दाखवायला सुरुवात केली. सगळे फोटो एकाच बाईचे होते. पांढरे विरळ केस, कपाळावर हिरवं गोंदण, अंगावर धुवट सुती लुगडं. एकात बाईच्या हातात पेला होता, एकात तोंडात घास, एकात ती खिडकीच्या पडद्याकडे मान वळवून बसली होती. आणि प्रत्येकात तिचे डोळे मिटलेले होते.

"ही आमची मंडळी, इंदू," रंगराव म्हणाले. "झोपंत न्हाई काढल्यालं. जागी हाय. डोळं उघडं असत्यात, मी बटण दाबतो आन् मिटत्यात. एकदा न्हाई, दर येळेला."

इंदुताईंना विसरण्याचा आजार होता. किती वर्षं झाली ते रंगरावांनी सांगितलं नाही. मुलगी विजयश्री नाशिकला, ती येऊन जाऊन असे. सकाळी एक बाई येई आणि आंघोळ-जेवण उरकून जाई. उरलेला दिवस ही दोघंच. इंदुताईंना ऊन सोसत नव्हतं, पडदा जरा सरकवला तरी त्या ओरडत, म्हणून घरात कायम संधिप्रकाश. डोळेही त्या दिवसातून थोडाच वेळ उघडत. मोबाइलवर फोटो काढावा तर त्यांची मान सारखी डुलत असे आणि चेहरा पुसट येई. म्हणून फ्लॅश. आणि फ्लॅश लावला की हे असं.

अलमासला वाटलं, म्हातारं माणूस आहे, उजेडाने दचकत असेल. पण ते बरोबर नव्हतं. फ्लॅश उडतो तो डोळ्याचं पातं लवायच्या आत. दचकून डोळे मिटायचे तर ते फोटो निघून गेल्यावर मिटतील. आधीच कसे मिटतात?

चार दिवस माझ्याकडे ठेवाल का, असं तिने विचारलं. रंगरावांनी टॉवेलासकट कॅमेरा तिच्याकडे सरकवला आणि मागे न बघता निघून गेले.

दुपारी बाजार जरा सुस्तावतो. पार्टिशनच्या मागे अलमासने स्टुलावर एक उशी उभी केली, तिला आपली ओढणी गुंडाळली आणि कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावून बटण दाबलं. आयुष्यभर तिने वापरलेल्या कॅमेऱ्यांत आतमध्ये आरसा असे. बटण दाबलं की आरसा वर उडे आणि नेमक्या त्या क्षणी तिच्या डोळ्यापुढे काळोख होई. हजारो बायकांचे फोटो तिने काढले होते, पण फोटो निघताना त्यांचा चेहरा कसा होता हे तिला कागदावरच समजे. ह्या खिडकीत काळोख झाला नाही. उशीवर उजेड पडला तो तिला दिसला, आणि तो एकदा नव्हे, दोनदा पडला. आधी एक बारीकसा, मग लगेच मोठा. ती पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिली आणि प्रत्येक वेळी तेच झालं. लहान, मोठा.

मग तिला उलगडलं. फ्लॅशवर ऑटोमॅटिक लावलेलं होतं. समोर किती उजेड लागेल हे कॅमेऱ्याला ठाऊक नसतं. म्हणून तो आधी अंदाजापुरता थोडासा उजेड फेकतो, समोरच्या माणसावर आपटून तो किती परत आला हे लेन्समधून मोजतो आणि त्या हिशेबाने खरा उजेड सोडतो. दोन्हींच्या मध्ये एवढासा वेळ जातो, की बहुतेकांना तो एकच वाटतो. पण दिवसभर अंधाराला सरावलेले इंदुताईंचे डोळे त्या पहिल्या उजेडालाच मिटत होते. खरा उजेड पोचायचा तो मिटलेल्या पापण्यांवर.

हे कुणाला तरी सांगावं असं तिला फार वाटलं. ती उठून पुढच्या दुकानात गेली. शोएब एका गिऱ्हाइकाला काचेचे स्क्रीनगार्ड दाखवत होता. तिने त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तो म्हणाला, चांगलं आहे आपा, आणि गिऱ्हाइकाकडे वळला. त्याचं काही चुकलं नव्हतं. ती परत मागे येऊन उशीसमोर बसली.

इलाज फ्लॅशमध्येच होता. त्याच्या तोंडावर, पुढच्या अंगाला, मोहरीएवढं एक भोक होतं. तो त्याचा स्वतःचा डोळा. फ्लॅशवरचं बटण फिरवून दुसऱ्या मोडच्या अक्षरावर नेलं की कॅमेऱ्याने आधी उजेड फेकून मोजायची गरज उरत नव्हती. फ्लॅश एकदाच उडे, उडता उडताच परत येणारा उजेड स्वतः मोजे आणि पुरेसा झाला की स्वतःच बंद पडे. मात्र लेन्स किती उघडी ठेवली आहे हे त्या फ्लॅशला हाताने सांगावं लागे, कारण ह्या जातीच्या कॅमेऱ्यात ते लेन्सच्या कडीवर हातानेच ठरवायचं असतं आणि फ्लॅशपर्यंत ती बातमी आपोआप पोचत नाही. दोन दिवस ती आकडे जुळवत बसली. कधी उशी चुन्यासारखी पांढरी, कधी मातीसारखी काळी. शेवटी ओढणीवरची बारीक फुलं जशीच्या तशी उठली.

अजून एक गोष्ट तिला खटकत होती. रंगरावांच्या फोटोंत इंदुताईंच्या मागे सगळं काळंकुट्ट होतं, जणू त्यांना विहिरीच्या तळाशी बसवलंय. हात हलून फोटो बिघडू नये म्हणून कॅमेरा आपणहून शटर घाईने मिटत होता, आणि खोलीतला मंद उजेड आत यायच्या आधीच दार बंद होत होतं. मेनूत जाऊन तिने ती घाई थोडी कमी केली. फार नाही, कारण इंदुताईंची मान डुलत होती.

रंगराव आले तेव्हा तिने त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मध्येमध्ये नेमके प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाले, की हे समजलं, पण तूच ये. माझा हात कापतो.

रावेतच्या त्या घरात ती सकाळी गेली. खालून एक्सप्रेसवेकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येत होता, तेवढाच. घर नीटनेटकं होतं आणि त्यात पावलं वाजू नयेत म्हणून जमिनीवर जुन्या सतरंज्या अंथरल्या होत्या. इंदुताई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. अलमासने कॅमेरा बाहेरच ठेवला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली. लग्नघरांत ती असंच करायची. आधी बायकांत बसायचं, चहा प्यायचा, मग कॅमेरा. इंदुताईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. पण तिच्या बांगड्या चाचपून पाहिल्या, एकेक करून, बाजारात बघतात तशा.

"ह्यांना त्रास होतोय असं वाटलं तर मी थांबणार काका," ती म्हणाली.

"व्हय," रंगराव म्हणाले.

मग कॅमेरा आत आणून फ्लॅशचं तोंड तिने वर छताकडे वळवलं, म्हणजे उजेड पांढऱ्या छतावर आपटून मऊ होऊन खाली उतरेल. त्याचा मोहरीएवढा डोळा मात्र समोरच राहिला. तिने खिडकीला डोळा लावला आणि दोन प्रतिमांची एक केली. इंदुताईंचे डोळे उघडे होते, पण नजर कुठेच नव्हती. मान डुलत होती.

मग रंगराव पलंगाच्या कडेला टेकले आणि बायकोशी बोलू लागले. नवीन काही नाही. आज आठवड्याचा बाजार आहे, म्हसवडला जायचंय, मेथी आणायची का शेपू, ऊन चढायच्या आत निघू. जे बोलणं त्यांच्यात पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी झालं असेल तेच. मान डुलायची थांबली. इंदुताईंनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

रेंजफाइंडरच्या खिडकीत फोटोची चौकट पांढऱ्या रेघांनी आखलेली असते, पण रेघांच्या बाहेरचंही थोडं दिसत राहतं. त्या बाहेरच्या पट्टीत अलमासला रंगरावांचा हात दिसला, बायकोच्या खांद्यावर ठेवलेला. जन्मभर तिने पुरुषांना चौकटीबाहेर ठेवून फोटो काढले होते. ती एक पाऊल मागे सरली, हात चौकटीत घेतला आणि बटण दाबलं.

एकच उजेड पडला. तो पडताना तिने इंदुताईंचा चेहरा पाहिला. डोळे उघडे होते, तपकिरी, पाणीदार, आणि त्यांत म्हसवडचा बाजार होता की नव्हता कोण जाणे, पण त्या बाई त्या क्षणी तिथे, त्या खोलीत होत्या. मग पापण्या मिटल्या. अलमासने कॅमेरा खाली ठेवला. दुसरा फोटो तिने काढला नाही.

रंगरावांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो पाहिला. चष्मा काढून पुसला, परत पाहिला.

"माझ्याकडं बघतीय व्हय?"

"तुमच्याकडेच," अलमास म्हणाली.

दुकानात येऊन तिने तो फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. नजर रंगरावांच्या चेहऱ्यावर होती की त्यांच्या मागे कपाटावर चमकणाऱ्या पितळी डब्यावर, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. तिने तो तसाच छापला आणि रंगरावांना दिला.

उन्हाळा लागायच्या आत इंदुताई गेल्या. अलमासला हे दोन दिवसांनी समजलं, रंगराव स्वतः दुकानात आले तेव्हा. दाढी वाढलेली, पायांत घरातल्या सपाता. नातेवाईक जमले होते आणि हार घालायला फोटो हवा होता. त्यांना तोच फोटो हवा होता, आणि त्यावरून घरात थोडी कुरबूर झाली होती. जिवंत माणसाचा हात असलेल्या फोटोला हार घालत नाहीत, असं गावाकडच्या थोरल्या भावजयीचं म्हणणं, आणि विजयश्रीलाही ते पटलं होतं.

"माझा हात काढ," रंगराव म्हणाले. "कापून न्हाई. कापलं तर तिचा खांदा जाईल. नुसता हात काढ."

ते बाहेर शोएबच्या दुकानातल्या खुर्चीवर बसून राहिले. अलमासने कॉम्प्युटरवर तो हात पुसायला घेतला. आधी मनगट, मग तळवा. ते सोपं होतं, मागे भिंतच होती. बोटं अवघड. बोटं लुगड्यावर होती, चारही, सुरकुतलेली, आणि त्यांच्या भाराने लुगड्याला चुण्या पडल्या होत्या. बाजूच्या कापडाचा तुकडा उचलून तिने एकेक बोट झाकलं. शेवटी खांद्यावर कोणाचाच हात उरला नाही, पण त्या चुण्या तशाच राहिल्या. त्या तिने पुसल्या नाहीत. हारात झाकल्या जातील, असं तिने स्वतःला सांगितलं.

तेरावा झाल्यावर नातेवाईक आपापल्या वाटेने गेले आणि रंगराव दुकानात येऊ लागले. आधी काही काम काढून, मग बिनकामाचे. कॅमेरा आता त्यांच्या गळ्यात असे. रिकाम्या घरात ते फ्लॅश लावून काहीबाही टिपत आणि अलमासला आणून दाखवत. फळीवरची भांडी, पलंग, दारामागची पिशवी. पडदे आता कोणी बंद ठेवा म्हणत नव्हतं, तरी ते उघडत नव्हते.

फोटो एकतर फार उजळ येत नाहीतर फार काळे, ही त्यांची तक्रार. पांढऱ्या भिंतीपुढे चहाचा कप ठेवला तर भिंत मळकट आणि कप काळा. काळ्या कपाटापुढे तोच कप ठेवला तर तो नुसता पांढरा गोळा. अलमास समजावून सांगे, की ऑटोमॅटिक कॅमेरा भोळा असतो काका, त्याला सगळं जग मधल्या करड्या रंगाचं आहे असंच वाटतं. पांढरी भिंत दिसली की तो समजतो उजेड फार झाला, म्हणून हात आखडता घेतो. काळं कपाट दिसलं की समजतो फार अंधार आहे, आणि ओतत सुटतो. म्हणून त्याला आपण सांगायचं. पांढऱ्यापुढे अधिक, काळ्यापुढे वजा. रंगराव मान हलवत. दुसऱ्या दिवशी तेच विचारत. त्यांना समजलं नव्हतं असं नाही. टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला अधिक-वजा समजायला दोन दिवस लागत नाहीत. अलमासही तेच उत्तर नव्याने देई, आणि बाहेरच्या टपरीवरून दोन चहा सांगे.

ते येतात त्या वेळेच्या सुमाराला ती आता पार्टिशनमागून पुढे येऊन उभी राही. शोएबच्या ते लक्षात आलं. एकदा रंगराव आले नाहीत. तिने दोनदा रस्ता बघितला, मग आपल्यालाच हसली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, की बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी बसून राहावं लागलं होतं. जिवंत असल्याचं सांगायला गेलो होतो, असं ते म्हणाले, आणि दोघंही थोडी हसली.

श्रावणात विजयश्री आली ती वडिलांना न्यायलाच. एकटे ठेवणं बरं नाही, हे तिचं म्हणणं खरं होतं. फ्लॅट भाड्याने द्यायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी ती वडिलांना घेऊन दुकानात आली. गोरीपान, बोलायला सरळ बाई. बाबा तुमच्याबद्दल फार बोलतात, असं ती अलमासला म्हणाली आणि पुढे मोबाइलचं कव्हर बघायला गेली.

रंगरावांनी टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा काउंटरवर ठेवला.

"तिकडं लागेल की काका," अलमास म्हणाली. "नातवंडं आहेत."

"डोळ्याला मोती आलाय. दोन्ही चितरं आता एक होत न्हाईत. कितीबी कडी फिरवली तरी थोडी फट ऱ्हातीच." त्यांनी टॉवेलाची टोकं सारखी केली. "तुझ्याकडं चालू ऱ्हाईल. नुसता ठिवला तर बुरशी धरतीय."

मोतीबिंदू काढता येतो, ऑपरेशन साधं असतं, असं काहीतरी ती म्हणाली. तेही बघू म्हणाले. रिक्षा थांबलेली होती.

त्यानंतर एक झालं. रावेतच्या त्या बिल्डिंगमध्ये हार घातलेला फोटो बऱ्याच जणांनी पाहिला होता. तिथल्याच कुसुमताई म्हणून एक बाई दुकान शोधत आल्या. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि त्यांचा एकही धड फोटो घरात नव्हता. अलमास गेली. मग एकाकडून दुसऱ्याला असं होत होत पिंपळे सौदागर, वाकड, देहूपर्यंत तिला बोलावणी येऊ लागली. चाकणच्या कंपन्यांत शिफ्ट करणारी मुलं, बीडची, लातूरची, कोकणातली, ज्यांनी गावाकडच्या आईवडिलांना शेवटच्या दिवसांत इकडे आणून ठेवलेलं. हे फोटो कशासाठी हवे असतात हे त्यांना ठाऊक असतं, अलमासला ठाऊक असतं, आणि बहुतेक वेळा ज्यांचा फोटो काढायचा त्यांनाही. ती आधी कॅमेऱ्याशिवाय जाऊन जवळ बसते. गाव कोणतं, विचारते. फ्लॅशचं तोंड छताकडे वळवते आणि एकाच उजेडात काम भागवते. देहूच्या चिमाजीबाबांनी तिला विचारलं होतं, तुझ्या घरी कोण कोण असतं, पोरी. ती म्हणाली, मी असते. बाबांनी हं केलं, आणि त्या 'हं'वर तिने बटण दाबलं. तो फोटो चांगला आला.

फोटो पोचवून झाले की त्या घरी तिला परत जावं लागत नाही. कुणी बोलावतही नाही. तिचा चेहरा पाहिला की त्या घरांना ते दिवस आठवत असणार. बाजारात समोरासमोर आलं तर लोक ओळख देतात, थांबत नाहीत.

रविवारी दुपारी शोएब दुकान लवकर बंद करतो. अलमास घरी असते. त्या वेळी नाशिकहून फोन येतो. रंगरावांचं ऑपरेशन झालं नाही, साखर वाढलेली आहे. तब्येतीचं चटकन उरकून ते विचारतात.

"ह्या खोलीला पांढरा रंग दिलाय. पडदा निळा, गडद. समजा भिंतीपुढं माणूस बसलाय. किती ठिवायचं?"

त्यांच्याकडे आता कॅमेरा नाही हे दोघांनाही माहीत आहे.

"भिंत किती दिसतेय चौकटीत?" ती विचारते.

"समदी भित्तच हाय. माणूस मधी, एकटाच."

"मग अधिक एक ठेवा काका. नाहीतर चेहरा काळा येईल."

"अधिक एक," रंगराव म्हणतात. "बरं."

ह्याच्यापुढे विचारण्यासारखं काही उरत नाही. तिकडे टीव्हीवर कसलीतरी मालिका चाललेली ऐकू येते, मध्येच एखादं भांडं वाजतं, नातवंड कुणाला तरी हाक मारतं. इकडे कासारवाडीत एक लोकल स्टेशनातून सुटते. ते फोन ठेवत नाहीत. तीही ठेवत नाही.